ऑटो-रिव्हर्सवाला जुना टेप घ्यायचाय? आधी उलटी बाजू वाजवून बघा

मागच्या वर्षी भुसावळला एका भंगारवाल्याकडे मला एक डबल कॅसेटचा टूइनवन (रेडिओ आणि टेप एकत्र) दिसला, मोठे स्पीकर, चंदेरी बॉडी, समोर ऑटो-रिव्हर्स लिहिलेलं, आणि माणूस म्हणे अठराशे रुपये. मी खिशातून कॅसेट काढली, टाकली, प्ले दाबलं, आवाज एकदम कडक, दीड मिनिट ऐकलं, पंधराशेत तोडलं आणि गाडीला बांधून घरी आणला. दुसऱ्या दिवशी हौसेनं त्यात आजीची कॅसेट टाकली. आजीची म्हणजे, कानबाईच्या रोटांच्या (आमच्या खानदेशातला देवीचा सण) वेळी वडिलांनी आजी आणि गल्लीतल्या बायकांची गाणी भरून ठेवलेली, ती एकच कॉपी. ए साइड सगळी मस्त वाजली, शेवटी टक झालं, बी साइड आपोआप सुरू झाली, मी खुशीत चहा आणायला आत गेलो आणि परत येतो तर आवाज गेंगाणा आणि कॅसेटच्या दाराच्या फटीतून तपकिरी रीळ बाहेर लोंबतंय.

चूक भंगारवाल्याची नव्हतीच, माझीच होती. मी फक्त सुलटी बाजू तपासली होती. त्यानंतर मी चार-पाच सेट उघडले, दोन बिघडवले, जळगावच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या टेबलाशेजारी (आम्ही सगळे त्यांना जिभाऊ म्हणतो) तासन् तास बसलो, आणि आता जे कळलंय ते इथं लिहून ठेवतोय. लांब आहे, पण पंधराशे रुपये आणि एखादी कॅसेट वाचेल तुमची.

आधी मशीन समजून घ्या, नाहीतर तपासणार काय?

कॅसेटचं रीळ ४ मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद असतं, ३.८१. त्याच्या अर्ध्या रुंदीत ए साइडचे डावा-उजवा असे दोन ट्रॅक आणि उरलेल्या अर्ध्यात बी साइडचे दोन, म्हणजे एकूण चार. साध्या टेपमध्ये आपण कॅसेट काढून पलटी करतो तेव्हा रिळाचा दुसरा अर्धा भाग रीळ वाचणाऱ्या हेडसमोर येतो. ऑटो-रिव्हर्समध्ये कॅसेट जागेवरच राहते आणि रीळ उलट्या दिशेनं पळतं, मग हेडलाच काहीतरी करावं लागतं. ते दोन प्रकारे करतात. एकतर हेड स्वतः १८० अंशात गर्रकन फिरतं, किंवा हेड जागेवरच असतं पण त्याला दोनाऐवजी चार फटी असतात आणि आतला स्विच ठरवतो की आता कोणत्या दोन ऐकायच्या. (कॅसेटच उचलून पलटी करणारेही डेक निघाले होते पण ते घरातले महागडे डेक, आपल्या टूइनवनमध्ये ते शोधू नका.)

आणि खरी गोम हेडमध्ये नाहीच. रीळ ओढायचं काम करते ती पातळ चकचकीत दांडी, कॅपस्टन, आणि तिच्यावर दाबून बसणारं रबरी चाक, पिंच रोलर. साध्या टेपला ही जोडी एक, ऑटो-रिव्हर्सला दोन, हेडच्या दोन्ही अंगाला एकेक. दोन कॅपस्टन म्हणजे खाली दोन फ्लायव्हील, म्हणजे त्यांना फिरवणारी जड चाकं, आणि एकच बेल्ट त्यांच्याभोवती असा नागमोडी फिरवलेला असतो की एक फ्लायव्हील सुलट फिरतं आणि दुसरं उलट. सुलट वाजताना उजवा रोलर दाबतो आणि उजवी चकती रीळ गुंडाळते, उलट वाजताना डावा रोलर आणि डावी चकती. म्हणजे तुम्ही एका डब्यात दोन टेप विकत घेताय असं समजा, आणि दोन्ही चालू पाहिजेत. मी फक्त उजवा टेप तपासून दोघांचे पैसे दिले होते. डाव्या चकतीला ताकदच नव्हती, रोलर रीळ पुढे ढकलत होता आणि गुंडाळणारं कोणी नाही, मग ते रीळ जाणार कुठं, रोलरभोवतीच गुंतणार.

कोणता सेट शोधायचा

इथं लोक नेटवर फोटो बघून सुरुवात करतात आणि फसतात. जगात ज्या बूमबॉक्सचं सगळ्यात जास्त नाव आहे ते बघा, जेव्हीसीचा आरसी-एम९० किंवा शार्पचा जीएफ-७७७, भारी मशीन आहेत, आवाजाला तोड नाही, पण दोघांनाही ऑटो-रिव्हर्स नाही. तेव्हा नाव आणि आकार यावर जाऊ नका, समोरच्या पॅनलवर दिशेचे दोन बाण आणि रिव्हर्स मोडचा छोटा स्विच आहे का ते बघा. त्या स्विचला सहसा दोन नाहीतर तीन जागा असतात: एकच बाजू वाजवून थांब, दोन्ही बाजू वाजवून थांब, आणि बंद करेपर्यंत फिरत राहा.

डबल कॅसेटवाल्यात आणखी एक गंमत, बहुतेक सेटमध्ये ऑटो-रिव्हर्स एकाच खणाला असतं आणि रेकॉर्डिंग दुसऱ्या खणात. विकणारा कॅसेट कुठल्या खणात टाकून दाखवतो त्यावर लक्ष ठेवा. आणि ज्याला रेकॉर्डिंग पण हवंय त्यानं हे विचारून घ्या की उलट्या दिशेनं रेकॉर्ड होतं का, कारण कितीतरी सेट दोन्ही दिशेनं वाजवतात पण भरतात फक्त सुलट्या दिशेनं.

माझं मत विचाराल तर एक खणाचा, खटके जोरात दाबावे लागणारा, पूर्ण मेकॅनिकल सेट घ्या. नंतरच्या काळात सॉफ्ट टच बटणांचे सेट आले, हलकं बोट लावलं की आत सोलेनॉइड (विजेवर ओढणारा खटका) खट् करून सगळं हलवतो, वापरायला राजेशाही, पण बिघडला की त्याचा आयसी, त्याचे सेन्सर, त्याचे पिवळे पडून तडकलेले प्लॅस्टिकचे गिअर हे सगळं शोधत कुठं फिरणार? मेकॅनिकलमध्ये लिव्हर, स्प्रिंग आणि बेल्ट, डोळ्यांना दिसतं काय अडलंय ते. जिभाऊंकडे सॉफ्ट टचवाला नेला की ते आधी चष्मा काढून ठेवतात, त्यावरून मी काय ते समजून जातो.

मिळतात कुठं? चोपडा, पाचोरा, अमळनेर, शिरपूर अशा गावांत ज्यांच्या घरचं कुणी आखातात नोकरीला होतं त्यांच्या माळ्यावर अजून आहेत, बऱ्यापैकी निगुतीनं ठेवलेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत बदली-रिटायरमेंटच्या वेळी सामान निघतं. भंगारवाले तर आहेतच. मुंबईच्या चोरबाजारात निवड भरपूर पण तिथं रंगरंगोटी केलेला माल असतो, आणि परत करायला जाणार कोण एवढ्या लांब. ऑनलाइन घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याकडून व्हिडिओ मागा, दोन्ही दिशेचा, एकसलग, मधे कट नको. आढेवेढे घेतो? सोडून द्या.

बरोबर काय न्यायचं

एक साठ मिनिटांची कॅसेट, जी गेली तरी रडू येणार नाही अशी, स्क्रूवाली, म्हणजे रीळ गुंतलंच तर उघडता येते. जमलं तर पारदर्शक खोक्याची, आतलं रीळ कसं पळतंय ते दिसतं. मोठे सेल, सेटला लागतील तेवढे (सहा, आठ, काहींना दहा), कारण भंगारवाल्याकडे बोर्डाची पिन बसेलच असं नाही आणि वायर तर हमखास हरवलेली असते. मोबाईलची टॉर्च, चार इअरबड, छोट्या बाटलीत आयपीए. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरवाले बोर्ड धुवायला वापरतात ते, जळगावात गोलाणी मार्केटला कुठल्याही रिपेअरिंगवाल्याला विचारा, मिळून जाईल. थिनर किंवा पेट्रोल नेऊ नका, रबर आणि प्लॅस्टिक दोन्ही खातं.

आणि ज्याला खरंच नीट तपासायचंय त्यानं एक टेस्ट कॅसेट बनवून ठेवा. कुणाकडे चांगला डेक असेल तर मोबाईलवरून ३००० हर्ट्झचा सलग सूर तीन मिनिटं भरा, ए साइडला पण आणि बी साइडला पण. त्यानंतर एखादं बासरीचं किंवा शहनाईचं काहीतरी भरा, आणि शेवटी एक मिनिट फक्त डाव्या चॅनलमध्ये कुणीतरी बोलतंय असं. एवढ्या एका कॅसेटमध्ये अर्ध्याहून जास्त रोग पकडले जातात, कसे ते सांगतो.

दुकानात उभं राहून

आधी मागची पट्टी वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट. फक्त जपानसाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा, तो सरळ बोर्डात घातला की ट्रान्सफॉर्मर गेलाच. मागे २२०-२४० लिहिलेलं असेल किंवा व्होल्टेजचा फिरता स्विच असेल तर उत्तम, पण स्विच कुठं आहे ते बघूनच पिन घाला. जपानी सेटचा एफएम पण बघून घ्या, तिकडचा जुना पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ आणि आपला ८८ ते १०८, म्हणजे काटा शेवटपर्यंत सरकवला तरी आपले बरेचसे स्टेशन त्याच्या बाहेरच राहतात. आकाशवाणी जळगाव मीडियम वेव्हवर ऐकणाऱ्यांना फरक पडत नाही म्हणा.

मग सेलचा कप्पा उघडा. हिरवट-पांढरी पूड असेल तर स्प्रिंगा घासून निघतात, पण ती पूड वायरीतून आत सर्किटपर्यंत पोचली असेल तर ते दुखणं महाग. नाकानं वास पण घ्या, जळका वास आला की हात जोडा.

आता कॅसेटचं दार उघडून टॉर्च मारा. हेडचं तोंड आरशासारखं पाहिजे, नखानं हलकेच फिरवून बघा, पायरी लागली म्हणजे हेड घासलंय. दोन्ही पिंच रोलर बघा, काळे, मऊ, समान पाहिजेत. माझ्या सेटमध्ये उजवा रोलर तपकिरी झालेला, भरपूर वापरलेला, आणि डावा नवा कोरा काळाभोर, मला वाटलं छान आहे. अहो, तो कोरा होता कारण वर्षानुवर्षं ती बाजू चाललीच नव्हती! पहिला मालक कॅसेट हातानंच पलटी करत असणार. दोन रोलरच्या रंगात असा फरक दिसला की सावध व्हा.

मग कॅसेट टाका, पण प्ले दाबू नका. आधी रिवाइंड, मग फॉरवर्ड, दोन्ही पूर्ण शेवटापर्यंत. शेवटाजवळ येताना रडत रडत गेलं की आतला बेल्ट नाहीतर आयडलर (चकतीला फिरवणारं रबरी चाक) सैल. हे केलं की रीळ आत नीट गुंडाळलं पण जातं.

आता प्ले, आणि लगेच दिशा बदला. सुलटं नंतर ऐका, उलटं आधी, कारण विकणाऱ्यानं सुलटं आधीच वाजवून बघितलेलं असतं. मोबाईलवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं कुठलंही फुकट ॲप उघडून स्पीकरजवळ धरा. ३००० चा सूर ३०३० दाखवत असेल तर एक टक्का जास्त स्पीड, ठीक आहे. दोन टक्क्यांपर्यंत मी तरी चालवून घेतो, बहुतेक मोटरच्या मागे छोट्या भोकात स्क्रू असतो, त्यानं ॲडजस्ट होतं. पण ३१८० आला तर सहा टक्के झाले, हार्मोनियमवर एक अख्खी पट्टी, काळी एकमध्ये गायलेलं भजन पांढरी दोनमध्ये ऐकू येईल. आता महत्त्वाचं: दोन्ही दिशांचा आकडा जवळजवळ सारखा पाहिजे. मोटर एकच, बेल्ट एकच, मग सुलट ३००० आणि उलट २९१० का यावं? तर त्या बाजूचा रोलर कडक होऊन रीळ घसरतंय, किंवा फ्लायव्हीलच्या बुशात (दांडी जिच्यात फिरते ती कडी) तेल सुकलंय. हे मोटरच्या स्क्रूनं जाणार नाही, तो फिरवला की दुसरी बाजू बिघडेल.

त्यानंतर बासरी. गाणं-बिणं लावू नका, ढोलकीच्या ठेक्यात सगळं लपतं. लांब सूर लावलेला असला की तो थरथरतोय का ते लगेच कळतं. आणि मग ते डाव्या चॅनलचं बोलणं, दोन्ही दिशेनं डाव्याच स्पीकरमधून यायला पाहिजे. एका दिशेला आवाज उजवीकडून आला किंवा एक बाजू मेली तर हेडचा स्विच, नाहीतर फिरणाऱ्या हेडच्या मागच्या बारीक वायरी, त्या रोज वळून वळून तुटतात. सगळ्यात भुताटकी वाटणारा प्रकार म्हणजे दिशा बदलल्यावर बोलणं उलटं ऐकू येतं, एकदम कुणीतरी मंत्र म्हणतंय असं. घाबरू नका, रीळ उलटं पळतंय पण हेड फिरलेलं नाही किंवा स्विच पलीकडे गेला नाही, म्हणून ए साइडच मागून वाचतंय. कधी कधी नुसतं वंगण सुकलेलं असतं. भाव पाडायला मात्र झकास.

आता कॅसेट शेवटाजवळ आणा आणि आपोआप पलटते का बघा. टक, एक-दोन सेकंद, आवाज सुरू. दोन्ही टोकांना बघा, एका टोकाला पलटणं आणि दुसऱ्या टोकाला पलटणं ही वेगळी परीक्षा आहे. मग कॅसेटच्या मधोमध आणून दहा वेळा हातानं दिशा बदला. दहापैकी एकदा जरी अडकलं तरी घरी गेल्यावर ते दहापैकी चारदा होणार.

आणि निदान वीस मिनिटं वाजू द्या. भंगारवाला वैतागेल, त्याला चहा पाजा. जुनी मोटर थंड असताना शहाण्यासारखी वागते, तापली की रंग दाखवते.

गाणं चालू असताना मधेच पलटतंय

ही तक्रार इतकी कॉमन आहे की वेगळं लिहितो. गाणं चालू, मधेच टक, दुसरी बाजू सुरू, पुन्हा थोड्या वेळानं टक. विकणारा म्हणतो ऑटो-रिव्हर्स खराब आहे भाऊ, तेवढं सोडून सगळं चालू आहे, कमी करतो. आणि घेणारा घाबरून निघून जातो. खरं तर मशीन शेवट कसा ओळखतं? गुंडाळणारी चकती फिरायची थांबली की त्याला वाटतं रीळ संपलं. बेल्ट सैल झाला, आयडलरचं रबर गुळगुळीत झालं, की चकती मधेच अडखळते, थांबते, आणि मशीन इमानदारीनं पलटतं. काही सेटमध्ये ते काउंटरच्या बेल्टवरून कळतं, काउंटरचे आकडे फिरत नाहीत म्हणजे तो दोऱ्याएवढा बेल्ट तुटलाय आणि बिचारं मशीन दर दोन सेकंदाला पलटतंय. म्हणजे ज्याला लोक मोठा रोग समजतात तो पुष्कळदा रबराचा रोग. असा सेट अर्ध्या किमतीत मिळत असेल आणि बाकी हेड, रोलर, स्पीड चांगलं असेल तर मी डोळे झाकून घेतो.

उलट, शेवट आला तरी पलटत नाही, मोटर घुं घुं करत राहते आणि रीळ ताणून धरलंय, हा प्रकार मला नको वाटतो. त्यात कॅम गिअरचा दात तुटलेला निघतो आणि तो दात आणणार कुठून.

एकाच बाजूला आवाज दबका, जणू गोधडीखालून येतोय, तर ते हेडचा कोन. फिरणाऱ्या हेडला दोन स्क्रू असतात, एक सुलट्यासाठी एक उलट्यासाठी, पाव पाव वळसा फिरवत आवाज सगळ्यात खुला होईल तिथं थांबायचं आणि वर नेलपॉलिशचा थेंब, की पुन्हा हलणार नाही. चार फटींच्या हेडला बहुतेक एकच स्क्रू, एक बाजू सुधारली की दुसरी रुसते, तिथं मधला मार्ग काढावा लागतो. म्हणून दोन्ही प्रकारचे सेट समोर असतील आणि वायरी धड असतील तर मी फिरणारं हेड घेईन, जास्त हलतं तरीही. यावर जिभाऊंचं आणि माझं जमत नाही, त्यांच्या मते जे हलतं ते मोडतं.

आणल्यावर पहिल्या आठवड्यात

कितीही छान वाजत असला तरी बेल्ट बदला. आपल्याकडचा मे महिना, जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर, पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावर तीस वर्षं पडलेलं रबर डांबर होतं, अक्षरशः. उघडलं की फ्लायव्हीलवर काळा चिकट लेप, बोटाला लागला की दोन दिवस जात नाही, आंघोळ करा नाहीतर नका करू. आयपीए आणि इअरबडनं सगळं पुसून काढा, विशेषतः मोटरच्या पुलीच्या खाचेतून, थोडं राहिलं तरी स्पीड डुलतो. कागद पसरून, जुने कपडे घालून करा. मी घरच्या चांगल्या चादरीवर केलं होतं, त्याबद्दल आता घरात बोलायचं नाही असं ठरलंय.

नवा बेल्ट मापात लागतो. जुना शाबूत असेल तर सोपं, नाहीतर सुतळीचा बारीक दोरा त्याच नागमोडी वाटेनं फिरवून लांबी मोजा आणि साधारण पाच टक्के कमीचा बेल्ट घ्या. जास्त घट्ट नको, मोटरचं बुश खातो. आणि बेल्ट बसवायच्या आधी त्या वाटेचा मोबाईलवर फोटो काढा, फ्लायव्हीलच्या चुकीच्या अंगानं गेला की दोन्ही फ्लायव्हील एकाच दिशेला फिरतात आणि उलटी बाजू रीळ ओढायच्या ऐवजी बाहेर ओकते. हे मी केलंय, त्या दोन बिघडवलेल्या सेटपैकी एक हाच.

पिंच रोलर आयपीएनं एकदा पुसा, भिजवत ठेवू नका. गुळगुळीत झाला असेल तर बारीक पॉलिश पेपरवर एक हात फिरवला की पकड येते, तरी भागलं नाही तर व्यास आणि जाडी मोजून दुसरा बघा. दोन्ही कॅपस्टन चकचकीत होईपर्यंत पुसा. फ्लायव्हील काढलंच आहे तर बुशात हलकं मशीनचं तेल, सुईच्या टोकानं, एक थेंब. दोन नाही. तेल बेल्टवर गेलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कॅसेट साठच्या वापरा, नव्वदच्या चालतील. एकशेवीसच्या ऑटो-रिव्हर्समध्ये अजिबात टाकू नका, तेवढ्याच खोक्यात दुप्पट रीळ बसवायला ते फार पातळ केलेलं असतं आणि दिशा बदलताना जो झटका बसतो त्यात ते ताणलं जातं नाहीतर गुंततं. प्रत्येक जुनी कॅसेट आधी फॉरवर्ड-रिवाइंड करून मगच प्लेला लावा.

वापरून झालं की स्टॉप दाबून ठेवा. बोर्डाचं बटण बंद करून प्लेचा खटका तसाच खाली ठेवला तर रोलरला कॅपस्टनचा खड्डा पडतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला गाणं उचकी देतं. लाइट गेली की हे हमखास होतं, आपण उठून जातो आणि खटका खालीच राहतो. महिन्यातून एकदा दोन्ही दिशेनं पूर्ण कॅसेट चालवा, काही नाही तर दिवाळीच्या साफसफाईला तरी.

आणि ज्या कॅसेटची दुसरी कॉपी नाही ती नव्या सेटमध्ये तीन-चार आठवडे तरी टाकू नका. आजीची कॅसेट मी शेवटी स्क्रू काढून उघडली, रीळ बोटानं सरळ केलं, पण मधला एक तुकडा रोलरनं असा चुरगळला होता की तो कापावाच लागला. साधारण १९ सेंटीमीटर. स्प्लायसिंग टेपनं दोन टोकं जोडली, मोबाईलवर सगळी उतरवून घेतली. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर पळते, म्हणजे चार सेकंद गेले. बी साइडला आजी एका कडव्यात श्वास घेते आणि सरळ पुढच्या ओळीवर जाते, न सांगितलं तर कुणाला कळणार नाही. पण रीळ एकच ना, ए साइडचेही त्याच जागचे चार सेकंद गेले, आणि तिथं गाणं संपल्यावर सगळ्या बायका हसत होत्या. आता फक्त हसणं संपतानाचा आवाज येतो.